डायरेक्ट इंजेक्शन इंजिन: व्हॉल्व्ह साफ करूनही कार्बन परत का धरतो?

गार इंजिन सुरू केलं की पहिलं मिनिटभर गाडी मिसिंग करते, थरथर स्टिअरिंगपर्यंत जाणवते, आणि इंजिन गरम झालं की काही घडलंच नाही असं सगळं सुरळीत. मग हळूहळू पिकअप बसतो, वरच्या आरपीएमला गाडी दमते, एक दिवस चेक इंजिनचा दिवा लागतो. गॅरेजमध्ये इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा नळ्यांचा भाग) उतरवून व्हॉल्व्हवरचा काळा थर काढतात, गाडी नव्यासारखी पळते. आणि काही काळाने पुन्हा तेच रडगाणं.

पेट्रोलची डायरेक्ट इंजेक्शन गाडी बरीच वर्षं वापरणाऱ्यांना हे चक्र ओळखीचं असतं. व्हॉल्व्ह साफ कसे करायचे हे बहुतेकांना कळलेलं असतं. ते इतक्या लवकर पुन्हा का भरतात, याकडे मात्र क्वचितच कोणी बघतं. त्याचं उत्तर बहुतेक वेळा व्हॉल्व्हवर नसतंच, ते क्रँककेसच्या, म्हणजे पिस्टनखालच्या ऑइल असलेल्या बंद कप्प्याच्या, हवेत असतं.

थर येतो कुठून

जुन्या पोर्ट इंजेक्शनमध्ये इंजेक्टर इनटेक पोर्टमध्ये बसवलेला असतो. साधारण ३-४ बार दाबाने तो पेट्रोलचा फवारा व्हॉल्व्हच्या पाठीवर मारतो. पेट्रोलमध्ये डिटर्जंट मिसळलेलं असतं, त्यामुळे व्हॉल्व्ह आपोआप धुतला जातो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इंजेक्टरचं तोंड थेट सिलिंडरमध्ये उघडतं आणि दाब दोनशे बारपर्यंत, नव्या इंजिनांत साडेतीनशेपर्यंतही जातो. मायलेज, ताकद आणि कॉम्प्रेशन रेशो या तिन्ही बाबतींत त्याचा फायदा होतो. पण व्हॉल्व्हच्या पाठीला पेट्रोलचा थेंबही लागत नाही. तिथून जाते ती फक्त हवा.

ही हवा स्वच्छ असती तर प्रश्नच नव्हता. पिस्टन रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये गळतो. तिथे त्यात ऑइलचे सूक्ष्म थेंब, पेट्रोलची वाफ आणि पाणी मिसळतं. हा वायू बाहेर सोडून देता येत नाही, म्हणून पीसीव्ही यंत्रणा तो परत इनटेकमध्ये ओढते. त्यात ईजीआरमधून, म्हणजे थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेतून, काजळी येते. बाहेरचा ईजीआर पाइप नसला तरी व्हॉल्व्ह टायमिंगमुळे दोन्ही बाजूचे व्हॉल्व्ह क्षणभर एकाच वेळी उघडे राहतात, तेव्हा थोडा जळका वायू इनटेकमध्ये मागे शिरतो. व्हॉल्व्हच्या दांड्यावरून उतरणारं ऑइल वेगळंच. तापलेल्या व्हॉल्व्हवर ही ऑइलची धुकट बसली की हलका भाग उडून जातो, जड भाग तिथेच भाजतो आणि त्यावर काजळी चिकटते. कढईच्या बुडाला किटण चढतं तसंच हे. पहिला थर गुळगुळीत धातूवर बसायला वेळ घेतो. पुढचे थर त्या खरखरीत पृष्ठभागावर भराभर चढतात.

हा दोष नवा नाही. मित्सुबिशीने १९९६ साली गॅलंटमध्ये जीडीआय इंजिन आणलं आणि आधुनिक, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या पेट्रोल डायरेक्ट इंजेक्शनची सुरुवात झाली. पुढे फोक्सवॅगन गटाची एफएसआय इंजिनं, बीएमडब्ल्यूचं एन५४ अशा बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्हवरच्या थराची तक्रार आली. टोयोटाने २००५ च्या सुमाराला डी-४एस यंत्रणेत एका सिलिंडरला दोन इंजेक्टर दिले, एक पोर्टमध्ये आणि एक सिलिंडरमध्ये. फोर्डनेही नंतर ३.५ लिटरच्या इकोबूस्टमध्ये तसंच केलं. त्यामागे गार इंजिनाचं उत्सर्जन, कमी लोडवरची काजळी अशी इतरही कारणं होती, पण व्हॉल्व्ह धुतले जातात हा फायदा आयताच मिळतो.

म्हणून सगळ्यात आधी तुमच्या इंजिनात दुहेरी इंजेक्शन आहे का ते बघा. जाड स्टीलच्या हाय-प्रेशर पाइपाबरोबरच इनटेक मॅनिफोल्डजवळ कमी दाबाची दुसरी फ्युएल रेल (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणारी नळी) आणि त्यावर इंजेक्टर दिसत असतील, तर मिसिंगचं कारण आधी दुसरीकडे शोधा. अशा इंजिनात व्हॉल्व्हवर जाड थर सापडण्याची शक्यता बरीच कमी असते.

आधी खात्री, मग पाना

कार्बन हा आता हुकमी संशयित झाला आहे. गाडी जराही थरथरली की मॅनिफोल्ड उतरवायचा सल्ला मिळतो. पण गार असताना होणारं मिसिंग आणखी निदान चार गोष्टींनी होतं, आणि त्या तपासायला मॅनिफोल्ड काढावा लागत नाही.

स्कॅनरवर पी०३०० दिसत असेल तर मिसिंग सिलिंडर बदलत फिरतंय. पी०३०१, पी०३०२ असे कोड म्हणजे ठरावीक सिलिंडर. ठरावीक सिलिंडर असेल तर त्याची इग्निशन कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा. कोडही तिकडे सरकला तर कॉइल गेली आहे, व्हॉल्व्हला हात लावू नका. नाही सरकला तर प्लगची अदलाबदल करून बघा.

इंजेक्टर गळत असेल तर रात्रभर उभ्या गाडीत पेट्रोल सिलिंडरमध्ये झिरपतं. सकाळी पहिले काही सेकंद त्याच एका सिलिंडरचं मिसिंग होतं, एक्झॉस्टला कच्च्या पेट्रोलचा वास येतो, आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. कूलंट सतत कमी होतंय आणि नेहमी तोच सिलिंडर मिस मारतोय, तर हेड गॅस्केटकडे वळा. आयडलला फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटरने पेट्रोलच्या मात्रेत केलेली दुरुस्ती) खूप पॉझिटिव्ह आणि आरपीएम वाढवल्यावर नॉर्मल, ही व्हॅक्यूम लीकची, म्हणजे इनटेकमध्ये चोरवाटेने हवा शिरत असल्याची, खूण आहे. इनटेकमध्ये धूर सोडून गळती शोधणारी स्मोक टेस्ट करून घ्या. जोर लावल्यावर रेलचा प्रत्यक्ष दाब मागणीपेक्षा खाली घसरत असेल तर हाय-प्रेशर पंप किंवा त्याला पेट्रोल पुरवणारा टाकीतला पंप तपासा.

कार्बनची खूण जरा वेगळी आहे. मिसिंग गार इंजिनावरच होतं, बहुधा एकापेक्षा जास्त सिलिंडरांत, आणि महिन्यागणिक थोडं थोडं वाढत जातं. इंजिन गार असताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापवण्यासाठी इग्निशन मुद्दाम उशिरा दिलं जातं. त्या अवस्थेत ज्वलन मुळातच नाजूक असतं आणि सिलिंडरमधल्या हवेच्या भोवऱ्यावर बरंच अवलंबून असतं. व्हॉल्व्हच्या मानेवरचे खडबडीत ढेकूळ नेमका हा भोवरा बिघडवतात. गरम झाल्यावर इंजिनाला हे निभावून नेता येतं. कॉम्प्रेशन टेस्ट मात्र अशा वेळी बहुधा ठीक येते, कारण थर मानेवर असतो, सीटवर नाही. एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन खरोखर कमी आलं तर लीक-डाउन टेस्टशिवाय (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघण्याशिवाय) पुढे जाऊ नका.

शेवटचा पुरावा म्हणजे कॅमेरा, आणि इथे फसगत होते. प्लगच्या भोकातून घातलेला साधा बोअरस्कोप पिस्टनचा माथा आणि व्हॉल्व्हचं तोंड दाखवतो. व्हॉल्व्हची पाठ त्यात दिसत नाही. पिस्टनच्या काळ्या माथ्याचा फोटो दाखवून “बघा किती कार्बन आहे” असं कोणी म्हणालं तर त्यावरून व्हॉल्व्हबद्दल काहीच सिद्ध होत नाही. पिस्टनवर थोडी काजळी प्रत्येक इंजिनात असते. कॅमेरा इनटेकच्या बाजूने आत गेला पाहिजे: थ्रॉटल बॉडी काढून, किंवा मॅनिफोल्डवरच्या सेन्सरच्या भोकातून, टोक वळवता येणारी बारीक नळी घालून. वळणाऱ्या टोकाचा चांगला कॅमेरा असेल आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवला, तर प्लगच्या भोकातूनही थोडं मागे डोकावता येतं, पण ते कसबाचं काम आहे.

काय दिसतं यापेक्षा कसं दिसतं याला महत्त्व द्या. पातळ, कोरडा, काळपट-तपकिरी लेप दिसला तर बंद करून घरी जा. असा लेप प्रत्येक डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात असतो. खडबडीत, पोवळ्यासारखे ढेकूळ आणि हवेची वाट अरुंद झालेली दिसली तर साफसफाईची वेळ झाली. सगळे व्हॉल्व्ह सारखेच भरले असतील तर बोट पीसीव्ही आणि ईजीआरकडे जातं. एकच सिलिंडर इतरांपेक्षा खूप जास्त भरलेला आणि ओलसर, चकाकणारा असेल तर त्या व्हॉल्व्हचं स्टेम सील (दांड्यावरून ऑइल उतरू न देणारं) किंवा गाइड (दांडा ज्यात सरकतो ती नळी) झिजलं आहे. बराच वेळ आयडलिंगनंतर अॅक्सिलरेटर दिल्यावर निळसर धूर येत असेल तर ही शंका आणखी पक्की होते. हे सगळं साफ करण्याआधीच बघायचं असतं, कारण एकदा थर काढला की हा पुरावाही गेला.

साफसफाईत काय चालतं, काय नाही

पेट्रोलच्या टाकीत ओतायची औषधं इनटेक व्हॉल्व्हसाठी निरुपयोगी आहेत, कारण ते पेट्रोल तिथे पोचतच नाही. डबीवर काहीही छापलेलं असो. पॉलिइथरअमाइन असलेलं चांगलं औषध इंजेक्टरचं टोक आणि ज्वलनकक्ष स्वच्छ ठेवायला मदत करतं. ज्वालेच्या तोंडाशी असणाऱ्या या इंजेक्टरांना त्याची गरजही असते, तेव्हा त्यासाठी खुशाल वापरा.

इनटेकमध्ये मारायचे स्प्रे त्याहून बरे, पण मर्यादेत. इंजिन गरम करून, आरपीएम दोन हजाराच्या आसपास धरून, एअरफ्लो सेन्सर ओलांडून इंजिनाच्या बाजूला थोडा थोडा स्प्रे मारायचा. मग इंजिन बंद करून तासभर मुरू द्यायचं आणि नंतर गाडी नीट पळवून आणायची. ताजा, मऊ थर यात सुटतो. वर्षानुवर्षं भाजून दगड झालेला थर सुटत नाही, आणि सुटलाच तर त्याचा तुकडा टर्बोच्या टर्बाइनवर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर जाऊन आदळू शकतो. म्हणून माझ्या मते स्प्रे स्वच्छ केलेल्या इंजिनाची निगा राखायला वापरावा, तुंबलेलं इंजिन उघडायला नाही. ऑइल बदलायच्या थोडं आधी मारा, म्हणजे खाली उतरलेलं रसायन जुन्या ऑइलबरोबर निघून जाईल.

जाड थराला खरा उपाय म्हणजे अक्रोडाच्या कवचाचा चुरा हवेच्या दाबाने मारणं. हा चुरा कार्बन फोडण्याइतका कठीण असतो, पण धातूला ओरखडे काढण्याइतका नसतो. मॅनिफोल्ड काढायचा, क्रँक पुलीला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवायचं, आणि ज्या सिलिंडरवर काम करायचं त्याचे दोन्ही इनटेक व्हॉल्व्ह बंद असतील तिथे थांबायचं. यात घाई नको. व्हॉल्व्ह किंचित उघडा राहिला तर चुरा सिलिंडरमध्ये जातो आणि रिंगांची वाट लागते. खात्रीसाठी पोर्टमध्ये थोडं क्लीनर ओतून पातळी खाली जाते का ते बघतात. पातळी टिकली की पोर्ट पूर्ण कोरडा करून मगच ब्लास्टिंग सुरू करतात, नाहीतर ओला चुरा तिथेच लगदा होऊन बसतो. एकीकडे ब्लास्टिंग आणि त्याच वेळी दुसरीकडे व्हॅक्यूमने चुरा ओढून घेणं चालू असतं. बाकीचे पोर्ट बंद केलेले हवेत.

ब्लास्टिंगची सोय नसेल तर पोर्टमध्ये क्लीनर भरून तासन्‌तास मुरवत ठेवणं, ब्रश आणि हुकाने खरवडणं, मळ शोषून काढणं, पुन्हा भरणं, हेही चालतं. मेहनत खूप आहे, पण निकाल जवळपास तोच. मॅनिफोल्डची गॅस्केटं नवीनच घाला. कामात डायरेक्ट इंजेक्टर बाहेर काढावे लागले तर त्यांची टेफ्लॉनची सीलंही बदलावी लागतात. जुनी परत बसवली तर ज्वलनाचा वायू गळतो.

आता मुख्य काम

मॅनिफोल्ड परत बसवला की बहुतेक जण हात धुऊन मोकळे होतात. ऑइल येतंय कुठून, हे शोधायची उत्तम वेळ मात्र हीच असते.

पीसीव्हीपासून सुरुवात करा. इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडा. हलकी ओढ जाणवणं ठीक आहे. झाकण निघता निघत नाही इतकी ओढ असेल, किंवा इंजिनमधून शिटी वाजत असेल, तर पीसीव्हीचा पडदा फाटलेला आहे आणि मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम क्रँककेसमधून ऑइल थेट ओढतोय. उलट झाकणातून वायू फसफसत बाहेर येत असेल तर एकतर पीसीव्हीची वाट तुंबली आहे किंवा रिंगांमधून खूप वायू गळतोय. अंदाजावर भरवसा नसेल तर डिपस्टिकच्या नळीला मॅनोमीटर (दाब मोजणारं साधन) लावून कंपनीने दिलेल्या आकड्याशी ताडून बघता येतं. पडदा फाटलेला ठेवून व्हॉल्व्ह साफ करणं म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं. काही इंजिनांसाठी कंपन्यांनी पीसीव्हीचा सुधारित भाग नंतर काढला आहे. नवीन घेताना पार्ट नंबर सुधारित आहे का, हे विचारून घ्या.

टर्बो असेल तर इंटरकूलरचा (टर्बोची दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाचा) पाइप उघडा. आत ऑइलचा पातळ थर असणं नेहमीचं. वाटीभर साचलेलं असेल तर पीसीव्ही किंवा टर्बोचं सील.

मग डिपस्टिक. ऑइल कमाल खुणेच्या वर कधीही भरू नका. “थोडं जास्त असलेलं बरं” ही सवय इथे महागात पडते, कारण पातळी वाढली की धुकट वाढते आणि ती सगळी इनटेकमध्ये जाते. निम्म्यापासून कमाल खुणेच्या जरा खालपर्यंत असलं की पुरे.

ऑइल निवडताना नोआक हा आकडा बघा. ऑइल २५० अंश सेल्सिअसला तासभर तापवलं तर त्याचं किती टक्के वजन उडून जातं, ते हा आकडा सांगतो. ऑइलच्या दर्जाच्या आयएलसॅक जीएफ-६ या मानकात त्याची मर्यादा १५ टक्के आहे, एसीइए सी३ या युरोपीय मानकात १३ टक्के. हा आकडा डब्यावर क्वचितच असतो, पण उत्पादनाच्या तांत्रिक माहितीपत्रकात बऱ्याचदा मिळतो. कंपनीची मान्यता असलेली दोन ऑइलं समोर असतील तर कमी नोआकचं घ्या. मान्यता सोडून मात्र फक्त नोआकच्या मागे लागू नका. टर्बो असेल तर एपीआय एसपी किंवा त्यानंतरचा दर्जा हवाच. कमी आरपीएमला जोर लावताना होणाऱ्या अवेळी ज्वलनापासून संरक्षण हा त्या दर्जाच्या चाचण्यांचा भाग आहे.

वापराची पद्धतही बघायला हवी. गार इंजिनात थेट फवारलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीला लागतं, तिथून ऑइलमध्ये उतरतं आणि पीसीव्हीमधून वाफ होऊन परत येतं. रोजची धाव पाच-सात किलोमीटरचीच असेल तर ऑइल कधीच पुरेसं तापत नाही. डॅशबोर्डवरचा काटा मधोमध आला म्हणजे कूलंट गरम झालं, ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. अशा गाडीचं ऑइल कंपनीने खडतर वापरासाठी दिलेल्या मुदतीला बदला, आणि अधूनमधून निदान अर्धा तास सलग चालवा. त्याने पेट्रोल आणि पाणी उडून जातं, प्लग आणि इंजेक्टरची टोकंही बरी राहतात. “हायवेला रेडलाइनपर्यंत खेच, कार्बन जळून जाईल” हा सल्ला व्हॉल्व्हच्या पाठीसाठी खरा नाही. येणाऱ्या हवेने ती बाजू सतत थंड होत असते, थर जाळण्याइतकं तापमान तिथे सहसा होत नाही.

राहिला कॅच कॅन. पीसीव्हीच्या वाटेत बसवलेल्या या डब्यात ऑइल आणि पाणी वेगळं होऊन साठतं. आत चांगली जाळी किंवा पडदे नसतील तर तो नुसता दागिना आहे. टर्बो इंजिनात वायूला दोन वाटा असतात: आयडल आणि क्रूझिंगला मॅनिफोल्डकडे, बूस्टमध्ये टर्बोच्या आधीच्या पाइपात. एकाच वाटेवर कॅन लावला तर काम अर्धंच. शिवाय तो वेळेवर रिकामा करावा लागतो. कडाक्याच्या थंडीत आतलं पाणी गोठून वाट बंद झाली तर क्रँककेसचा दाब सीलं फोडून बाहेर पडतो. वॉरंटी आणि उत्सर्जनाचे नियमही आधी बघून घ्या. वायू उघड्यावर सोडणारा कॅन तर लावूच नका. वॉरंटी संपलेली आहे, टर्बो आहे, पोर्ट इंजेक्टर नाही आणि मालक नियमित बॉनेट उघडणारा आहे, तर मी कॅन लावण्याच्या बाजूने आहे. इतरांनी ते पैसे चांगल्या ऑइलवर घालावेत. ईजीआरची काजळी कॅनने थांबत नाही हेही लक्षात असू द्या. आणि ती थांबवायला ईजीआर बंद करू नका, त्याने उत्सर्जन बिघडतं आणि नॉकिंगचा (इंधन अवेळी पेटून होणाऱ्या ठोक्यांचा) धोका वाढतो.

मॅनिफोल्ड उघडलेला असतानाच प्रत्येक पोर्टचे साफसफाईआधीचे आणि नंतरचे फोटो सिलिंडर क्रमांक व किलोमीटरसह जपून ठेवा. पुढे वीस-तीस हजार किलोमीटरवर कॅमेरा घालून तुलना करा, आणि मधल्या काळात किती ऑइल वर घालावं लागलं ते लिहून ठेवा. ऑइल कमी जळतंय आणि थर हळू चढतोय तर पीसीव्हीचं काम बरोबर झालं. पीसीव्ही नवीन, ऑइल चांगलं, तरी ऑइल पूर्वीइतकंच संपत असेल तर दोष रिंगा किंवा गाइडमध्ये आहे. तेव्हा इंजिन उघडण्याच्या खर्चाशी दर काही वर्षांनी व्हॉल्व्ह साफ करण्याचा खर्च ताडून बघा. गाडी जुनी असेल, धूर दिसत नसेल आणि ऑइलचा खप कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत असेल, तर बहुतेक वेळा ठरावीक अंतराने ब्लास्टिंग करून घेणंच स्वस्त पडतं.